आतड्याच्या दाहाचा वेध घेणारी सोनोग्राफी

पोटदुखी थांबली, जुलाब आटोक्यात आले, की आजार बरा झाला असे समजण्याकडे रुग्णाचा स्वाभाविक कल असतो. क्रोनच्या रोगात मात्र ही समजूत घातक ठरू शकते. लक्षणे ओसरल्यानंतरही आतड्याच्या भिंतीत दाह धुमसत राहतो आणि कालांतराने आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणूनच हा दाह वेळोवेळी मोजणे अगत्याचे असते.

१९३२ साली न्यूयॉर्क येथील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो अधिक आढळतो व भिंतीच्या सर्व थरांत शिरतो. दुर्बिणीच्या तपासणीत केवळ आतील अस्तर दिसते. सोनोग्राफीत भिंतीची संपूर्ण जाडी दिसते.

तपासणी कशी होते?

पोटावरून फिरविलेल्या उपकरणातून ध्वनिलहरी आत सोडल्या जातात व त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. निरोगी आतड्याची भिंत सामान्यतः ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसते. त्याहून अधिक जाडी, पुसट झालेले थर आणि डॉप्लर तंत्राने दिसणारा वाढलेला रक्तप्रवाह ही दाहाची चिन्हे होत. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि जुलाब देऊन पोट साफ करावे लागत नाही. साहजिकच ती पुनःपुन्हा करता येते व औषध लागू पडते किंवा नाही, हे लवकर कळते.

मर्यादा

ब्रिटनमधील आठ रुग्णालयांतील अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान आतड्यातील रोग ओळखण्यात एमआरआयची संवेदनक्षमता ९७ टक्के, तर सोनोग्राफीची ९२ टक्के आढळली. रोग नेमका कोठवर पसरला आहे, हे सांगण्यात मात्र एमआरआय सरस ठरले. पोटातील वायू, स्थूलपणा व तपासणाऱ्याचे कौशल्य यांवरही निष्कर्ष अवलंबून असतो.

आपल्याकडे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. आतड्याच्या क्षयरोगातही भिंत जाड होते. क्षयाला क्रोनचा रोग समजून दाह दाबणारी औषधे दिल्यास क्षय बळावण्याचा धोका असतो. त्यामुळे केवळ सोनोग्राफीवर निदान न करता दुर्बिणीद्वारे घेतलेल्या ऊतींची तपासणी करणे इष्ट होय.

निदान पक्के झाल्यावर मात्र सोनोग्राफीचे मोल मोठे आहे. बरे वाटू लागले तरी रुग्णाने आपल्या मनाने औषध बंद न करता ठरलेल्या वेळी तपासणी करून घेणे, यातच त्याचे हित आहे.