आठ शब्द, ३,३१२ ओळी

कुमारी मारियाचे गुण आकाशातल्या ताऱ्यांइतके आहेत, एवढंच सांगणारी एक लॅटिन ओळ बर्नार्ड बाउहायस या जेझुइट कवीने लिहिली. शब्द फक्त आठ. लूव्हेनचे मानवतावादी पंडित एरिकियुस पुतेआनुस यांनी १६१७ मध्ये या एका ओळीवर अख्खं पुस्तक काढलं. तेच आठ शब्द पुढेमागे करत त्यांनी ४८ पानं भरली आणि बरोबर १,०२२ ओळींवर थांबले. टॉलेमीच्या यादीत तारे तेवढेच होते.

पण आठ शब्दांचे एकूण क्रम होतात ४०,३२०. पुतेआनुस यांच्यासारखेच छापत गेलं तर जवळपास १,९०० पानं लागतील.

अर्थात सगळे क्रम वृत्तात बसत नाहीत. लॅटिनमध्ये शब्दाला विभक्ती चिकटलेली असते, त्यामुळे संस्कृतासारखंच शब्द हलवले तरी अर्थ शाबूत राहतो. खरी कसोटी लघु-गुरूंची. ही ओळ हेक्सामीटर या वृत्तातली: ओळीत सहा गण, आणि प्रत्येक गण गुरूनेच सुरू व्हायला हवा. आता या ओळीतला ‘तिबी’, म्हणजे ‘तुला’, हा शब्द घ्या. त्याचं पहिलं अक्षर लघु, म्हणून तो ओळीच्या सुरुवातीला चालत नाही: ५,०४० क्रम बाद. शेवटच्या गणात दोनच अक्षरं असतात आणि त्यातलं पहिलं गुरू लागतं, म्हणून तो शेवटीही चालत नाही: आणखी ५,०४० बाद. एका शब्दाने पाव भाग छाटला!

उलट बाजूला कवीची करामत बघा. आठही शब्द व्यंजनाने सुरू होतात. त्यामुळे कुठलाही शब्द कुठेही नेला तरी स्वरापुढे स्वर येऊन अक्षर गळण्याची भानगडच नाही. ही कारागिरी मला त्या हजारो आकड्यांपेक्षाही थक्क करते.

मग वृत्तात बसणाऱ्या ओळी नेमक्या किती? फ्रान्सच्या झाँ प्रेस्तेंनी १६७५ मध्ये २,१९६ सांगितल्या, पुढे स्वतःच ३,२७६ केल्या. मधल्या काळात इंग्लंडच्या जॉन वॉलिस यांनी ३,०९६ मोजल्या. दोघेही गणिती, तरी आकडे जुळेनात. शेवटी याकोब बर्नुली यांनी, पाचव्या गणात दोन गुरू येणाऱ्या ओळी वगळून आणि यतिभंगाच्या ओळी धरून, ३,३१२ हे उत्तर काढलं. म्हणजे साधारण दर बारा क्रमांमागे एक अस्सल ओळ.

पंडितांच्या लॅटिन कवितेला पोकळ शब्दखेळ म्हणून बाजूला सारणं मला साफ चुकीचं वाटतं. बर्नुलींचा तो हिशेब त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे, आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया ज्या ग्रंथांनी घातला त्यांत तो अग्रभागी आहे.