मालाचा ट्रेलर आणि माणसाचा जीव

हिंडलग्यावरून शिनोळीमार्गे आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्यास जाणारा रस्ता ही बेळगावच्या व्यापाराची जुनी वाट होय. या वाटेने धान्याचे ट्रेलर धाडताना आम्हांस नित्य आढळले की, चाक घाटात निखळते. परंतु बिघाडाचा आरंभ गोदामाच्या दारातच होतो. ग्रीस आटले की बेअरिंग तापते, नट सैल झाले की चाक डगमगते, पोती अधिक लादली की पाटे तुटतात. मागे भर पावसात एक चालक भरल्या ट्रेलरखाली शिरत असता आम्ही त्यास मागे ओढले, तोच जॅक घसरला. यास्तव प्रथम चाकांस दगड लावावेत, पोती उतरवावीत, आसाखाली लाकडी ठोकळा द्यावा. मगच दुरुस्तीस हात घालावा. भिजलेल्या मालाचा तोटा पुढील हंगामात भरून निघतो. गेलेला माणूस परत येत नाही. सभासद बंधूंनी एवढे ध्यानी धरावे, ही विनंती.