स्टिकर सांगतो, पण कोणाला?

पावसाळ्यात मोबाइल भिजला की घरोघरी एकच उपाय, तांदळाचा डबा. रात्रभर फोन तांदळात पुरून ठेवायचा आणि सकाळी देवाचं नाव घेऊन ऑन करायचा. नाहीच झाला तर सर्व्हिस सेंटर. तिथे आपण साळसूद चेहऱ्याने सांगतो, ‘काही नाही हो, आपोआप बंद पडला.’ काउंटरवरचा मुलगा वाद घालत नाही. सिमचा ट्रे बाहेर काढतो, खाचेत टॉर्च मारतो आणि म्हणतो, ‘वॉटर डॅमेज आहे. वॉरंटीत बसणार नाही.’

आपली चुगली केलेली असते ती आत चिकटवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका स्टिकरने.

लिक्विड कॉन्टॅक्ट इंडिकेटर असं त्याचं भारदस्त नाव. काम मात्र अगदी साधं. वर पांढरा थर, त्याच्या मागे पाण्यात विरघळणारा लाल रंग. पाणी लागलं की रंग विरघळतो आणि पांढऱ्या थरात झिरपून वर येतो. स्टिकर कायमचा लाल किंवा गुलाबी. मग फोन तांदळात ठेवा नाहीतर उन्हात वाळवा, तो रंग परत जात नाही. जुन्या, मागचं झाकण उघडणाऱ्या फोनमध्ये हा स्टिकर बॅटरीखाली दिसायचा. आताच्या सीलबंद फोनमध्ये तो सिमच्या खाचेत आणि आत सर्किट बोर्डावर असतो.

वस्तूवर काय बेतलं याची नोंद ठेवणाऱ्या अशा चिकटपट्ट्यांचं मोठं कुटुंब आहे. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना ऑटोक्लेव्हची टेप पाठ असेल. वाफेच्या उष्णतेत तिच्यावरचे पुसट पट्टे काळे होतात. महागड्या यंत्रांच्या खोक्यांवर शॉक इंडिकेटर असतो. त्याच्या काचेच्या बारीक नळीतला लाल द्रव पृष्ठताणामुळे जागेवर थांबलेला असतो. ठराविक मर्यादेपेक्षा मोठा धक्का बसला की तो सुटतो आणि अख्खी नळी लाल होते. कुरिअरच्या पाकिटांवरची सील टेप तर सगळ्यांनीच पाहिलीय, सोलून काढली की मागे इंग्रजीत ‘व्हॉइड’ असं छापलेलं उरतं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. स्टिकर बोलतो आणि दिलेला शब्द फिरवत नाही. खरी भानगड पुढे सुरू होते. तो बोलतो ते ऐकतं कोण, आणि त्याचा अर्थ लावतं कोण?

फोनचंच घ्या. अमेरिकेत अ‍ॅपलवर याच स्टिकरवरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता. हेडफोनच्या आणि चार्जिंगच्या भोकात बसवलेला स्टिकर गुलाबी दिसला की कंपनी वॉरंटी नाकारायची. ग्राहकांचं म्हणणं होतं, की फोन पाण्यात पडलाच नाही, हवेतल्या दमटपणानेही हा रंग बदलू शकतो. २०१३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या जुलैमधल्या हवेत राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते.

हा स्टिकर फोन वापरणाऱ्याशी बोलतच नाही. तो खाचेत लपलेला असतो आणि प्रसंग आला की समोरच्या पक्षाच्या बाजूने साक्ष देतो. उलटतपासणीची सोय नाही.

आता दुसरा स्टिकर. हा तुम्ही कदाचित पाहिलाय, पण लक्ष गेलं नसेल. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर आशाताई किंवा अंगणवाडीताई बाळाच्या तोंडात थेंब टाकतात ना, त्या लहानशा बाटलीच्या लेबलवर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिक्या रंगाचा चौकोन. डिझाइन वाटावं असं ते चिन्ह म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, व्हीव्हीएम. जगातल्या सगळ्यात उपयोगी स्टिकरचं बक्षीस द्यायचं झालं तर माझं मत याला.

लसीची अडचण अशी, की ती बिघडली तरी दिसायला तशीच दिसते. दूध नासलं तर कळतं. पोलिओची लस उन्हाने निकामी झाली तरी रंग तोच, वास तोच, थेंबही तसाच पडतो. बाळाला डोस मिळाल्याची नोंद होते, डाव्या करंगळीला शाई लागते, आणि संरक्षण मात्र शून्य. म्हणून कारखान्यापासून गावापर्यंत लस थंडीतच न्यावी लागते. पण वीज जाते, गाडी रस्त्यात बंद पडते, निळ्या डब्यातले आइसपॅक वितळतात. अशा वेळी आरोग्य सेविकेपुढे दोनच पर्याय असायचे. संशयावरून सगळा साठा फेकायचा, नाहीतर डोळे मिटून वापरायचा.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जागतिक आरोग्य संघटना आणि सिअ‍ॅटलची पाथ ही संस्था यावर उत्तर शोधत होती. ते मिळालं अमेरिकेतल्या लाइफलाइन्स टेक्नॉलॉजी या कंपनीच्या तंत्रात. त्यांच्याकडे अन्नपदार्थांचा ताजेपणा दाखवणारी लेबलं होती. पुढे ही कंपनी टेम्पटाइम म्हणून ओळखली गेली. १९९६ मध्ये तोंडी पोलिओ लसीच्या बाटल्यांवर व्हीव्हीएम आला.

आतल्या चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचा पदार्थ असतो. सुरुवातीला तो जवळजवळ रंगहीन. उष्णता मिळेल तसे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, पॉलिमर तयार होतो आणि चौकोन गडद होत जातो. बाहेरच्या गोलाचा रंग बदलत नाही, तो फक्त तुलनेसाठी. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस वापरायची, अर्थात मुदतीची तारीख बघून. दोन्ही रंग सारखे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला, की बाटली बाद. वाचता येण्याची गरज नाही, थर्मामीटर नको, वरिष्ठांना फोन नको.

बारावीच्या केमिस्ट्रीतलं अऱ्हेनियसचं समीकरण आठवतंय? तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग झपाट्याने वाढतो, एवढं तरी आठवत असेल. लसीचा ऱ्हास या नियमाने होतो आणि चौकोनाचं काळवंडणंही. म्हणून रसायन असं निवडतात, की लसीच्या कमकुवत होण्याचा आणि रंग चढण्याचा वेग जुळावा. थर्मामीटर फक्त आत्ताचं तापमान सांगतो. व्हीव्हीएम कारखान्यातून निघाल्यापासून सोसलेल्या सगळ्या उन्हाची बेरीज करत येतो. कालच्या चार तासांच्या उन्हाचा हिशेब आज फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून पुसला जात नाही.

सगळ्या लसी सारख्या नाजूक नसतात, त्यामुळे व्हीव्हीएमचेही प्रकार आहेत, उदाहरणार्थ २, ७, १४ आणि ३०. आकडा म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला तो किती दिवसांत बादच्या टप्प्यावर पोचेल ते. पोलिओच्या थेंबांना २ नंबरचा लागतो, म्हणजे ३७ अंशांना फक्त दोन दिवस. तोच व्हीव्हीएम ५ अंशांना २२५ दिवस टिकतो. ३० नंबरचा ५ अंशांना चार वर्षांहून जास्त.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही बाटल्यांवर व्हीव्हीएम लेबलवर असतो, तर काहींवर टोपणावर किंवा कुपीच्या मानेवर. हे उगीच नाही. गोवर किंवा बीसीजीसारखी, पावडरमध्ये द्रव मिसळून तयार करायची लस उघडल्यावर सहा तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. तिचा स्टिकर टोपणावर असतो. टोपण काढलं की स्टिकर गेला, म्हणजे उद्यासाठी ठेवायचा प्रश्नच मिटला. लेबलवर स्टिकर असलेली बाटली, बाकी अटी पाळल्या असतील तर, उघडल्यावरही २८ दिवसांपर्यंत वापरता येते. अख्खा नियम फक्त स्टिकरच्या जागेत बसवलाय!

आणि हा स्टिकर फक्त ‘फेका’ म्हणून सांगत नाही, ‘ठेवा, अजून चांगली आहे’ असंही सांगतो. याचा मोठा दाखला पुण्याशी जोडलेला आहे. आफ्रिकेत मेनिन्जायटिसच्या साथी थोपवण्यासाठी मेनअफ्रीव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि २०१० मध्ये बुर्किना फासोमधून तिची मोहीम सुरू झाली. ही लस उष्णतेला बऱ्यापैकी दाद न देणारी. मग २०१२ मध्ये बेनिन देशात एक धाडस करण्यात आलं. मोहिमेच्या काळात ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात, चार दिवसांपर्यंत, बर्फाशिवाय न्यायची परवानगी मिळाली. सोबत पहारेकरी दोन: बाटलीवर व्हीव्हीएम आणि डब्यात ४० अंश ओलांडले की रंग बदलणारं एक कार्ड. दीड लाखाहून अधिक लोकांना तिथे अशी लस दिली गेली. जिथे बर्फ गोठवायला वीजच नाही तिथे रोज आइसपॅक वाहून न्यायची कटकट वाचणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते उन्हात डबा घेऊन पायी फिरणाऱ्यालाच विचारावं.

अर्थात व्हीव्हीएम सर्वज्ञ नाही. त्याला उष्णता कळते, गोठणं कळत नाही. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट लस चुकून गोठली तर ती कायमची खराब होते. चौकोन मात्र छान फिकाच राहतो. त्यासाठी शेक टेस्ट करतात. मुद्दाम गोठवून वितळवलेली बाटली आणि संशयित बाटली सोबत हलवायच्या आणि गाळ कसा बसतो ते बघायचं. ऑटोक्लेव्हच्या टेपचंही तसंच. पट्टे काळे झाले म्हणजे टेपला उष्णता लागली, एवढंच खरं. आतलं सगळं निर्जंतुक झालंच, याची ती हमी नाही. त्यासाठी जिवंत बीजाणूंची वेगळी चाचणी करावी लागते. शॉक इंडिकेटर बनवणारे तर सांगतातच, की नळी लाल दिसली म्हणून पार्सल नाकारू नका, पावतीवर नोंद करा आणि उघडून तपासा.

म्हणजे इथे लाल रंग तपासणीची सुरुवात आहे. फोनच्या काउंटरवर मात्र तोच थेट निकाल होऊन बसतो.

तर दोन छोटी कामं. सेकंडहॅण्ड फोन घेणार असाल, तर पैसे ट्रान्सफर करण्याआधी सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. लाल दिसलं तर भाव पाडा किंवा निघा. पांढरं दिसलं तरी लगेच हुरळू नका, असे कोरे स्टिकर ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

आणि घरातल्या भाचरांना डोस द्यायला नेलंत, तर ‘ताई, बाटली जरा दाखवता का?’ असं विचारा. बहुतेक जणी आनंदाने दाखवतील, चौकोन कुठे बघायचा तेही सांगतील.