नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या व त्यांच्या अंकीय प्रती

नाशिकास रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठीं किंवा श्राद्धासाठीं परगांवचा मनुष्य आला म्हणजे त्यास प्रथम विचारण्यांत येतें तें त्याचें आडनांव व मूळ गांव. तें कळलें कीं त्या कुळाचा उपाध्याय कोण हें ठरतें, वही उघडली जाते, आणि पूर्वीं येऊन गेलेल्या आजा-पणजाचीं नांवें त्यास वाचून दाखवितात. मग तो आपलें, वडिलांचें, चुलत्यांचें, भावांचें व मुलांचें नांव, येण्याचें कारण व मिति लिहून खालीं सही करितो. लिहितां येत नसेल तर उपाध्याय लिहून घेतो. यासच लेख म्हणतात. त्र्यंबकेश्वरींही अशाच वह्या आहेत. या वह्यांच्या अंकीय प्रती काढण्याचें काम स्वयंसेवकांच्या हातून होण्याजोगें आहे. तें कोणत्या रीतीनें व्हावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

वंशावळीच्या इतर साधनांशीं ताडून पाहिलें असतां या वह्यांची योग्यता ध्यानांत येते. वतनाच्या तंट्यांत पुढें केलेली वंशावळ हक्क सिद्ध करण्यासाठीं लिहिलेली असते. तींत नको तो भाऊ गळण्याचा संभव असतो. तीर्थावरील लेखास असें प्रयोजन बहुधा नसतें. नात्याविषयींचें कथन तंटा उपस्थित होण्यापूर्वींचें आहे कीं नाहीं हें न्यायालयें पाहतात, तें याच कारणास्तव. दुसरें असें कीं, श्राद्धांत पित्याकडील तीन पिढ्यांबरोबर माता, पितामही, प्रपितामही व मातामह यांचाही उच्चार होतो. त्यामुळें सरकारी दप्तरांत न आढळणारीं स्त्रियांचीं नांवें येथें मिळण्याची आशा असते. परंतु या साधनासही दोष आहेत. लेख स्मरणावरून सांगितलेला असतो. जीर्ण वही उतरून काढली असेल, तर मूळ अक्षर व सही नाहींशी होते. भाऊहिश्शांत वह्या वांटल्या गेल्या, म्हणजे एकाच कुळाचे जुने लेख एका घरीं व नवे दुसऱ्या घरीं राहतात.

या वह्यांस भय तीन प्रकारचें आहे. पहिलें पाण्याचें. गोदावरीस १९६९, २००८ व २०१६ सालीं मोठे पूर आले, आणि उपाध्यायांची जुनी वस्ती नदीच्या आसपासच आहे. दुसरें लिपीचें. जुने लेख मोडींत आहेत; १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांत मोडीच्या जागीं बाळबोध आणण्याचें ठरविलें, आणि पुढें ती शाळांतूनही गेली. आज मोडी वाचणारे थोडे आहेत. तिसरें भय मोहाचें. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली, आणि जुन्या मोडी कागदांस एकाएकीं मोल आलें. कागदांतील एका शब्दास व्यवहारांत किंमत आली, कीं तेथें नवा शब्द घालण्याचा मोहही उत्पन्न होतो. आम्ही हें कोणावर आरोप म्हणून लिहीत नाहीं. अमुक दिवशीं पान असें होतें, हें दाखविणारी तारीखवार प्रत हाच त्यावर उपाय होय, व प्रामाणिक उपाध्यायासही तिचाच आधार होईल.

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. स्पॅनिश अमलाखालील मेक्सिकोंत पाद्र्यांनीं सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या ठेविल्या. अमेरिकेंतील यूटा संस्थानच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीनें १९५२ पासून त्यांच्या सूक्ष्मपटावर प्रती घेतल्या. पुढें त्या अंकीय झाल्या, आणि स्वयंसेवकांनीं घरीं बसून नांवांच्या सूची केल्या. याच संस्थेनें १९७७ पासून हरिद्वार व इतर तीर्थांतील वह्यांच्याही प्रती घेतल्या. मात्र मेक्सिकोंतील वही दिनक्रमानें चालते. तींतून कुटुंब जुळवावें लागतें व सूचीवांचून ती मुकी असते. नाशिकची वही गांव व कूळ यांच्या क्रमानें चालते. कुटुंब तींत आधींच जुळलेलें असतें. म्हणून येथें सुटीं छायाचित्रें घेणें म्हणजे जुळलेलें कुटुंब पुन्हां विस्कटणें होय. मेक्सिकोंत जें काम सूची करिते, तें येथें वहीची मांडणी करिते, आणि प्रथम ती राखिली पाहिजे.

यावरून कामाची रीत ठरते. वहीची शिवण उसवूं नये. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कोरीं पानें न वगळतां, क्रमानें छायाचित्रें घ्यावीं. कोरें पानही पुढें साक्ष देतें, कारण त्यावर नंतर कांहीं लिहिलें गेलें तर तें उघड होतें. प्रत्येक वहीबरोबर ती मूळ कीं नक्कल, तींत कोणतीं गांवें आहेत व प्रत कोणत्या तारखेस घेतली, हें टिपावें. वाचन मागाहून, मोडी जाणणारानें करावें. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं; म्हणून संशयित अक्षर संशयित म्हणूनच दाखवावें, अंदाजानें भरूं नये. कालगणनेंतही सावध असावें. शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो (पौषांत जानेवारी लागल्यावर ७९), सुहूर सनांत ५९९ किंवा ६००, फसलींत ५९० किंवा ५९१. सुहूर ११०० हें फसली समजून वाचलें, तर लेख नऊ वर्षें मागें जातो आणि कदाचित् मुलगा बापाच्या आधीं जन्मास येतो!

राहिला प्रश्न हक्काचा. वही ही उपाध्यायाची वृत्ति आहे. कोणतें कूळ कोणाचें, हें तीवरून ठरतें. ती हातांतून गेली तर चरितार्थ जाईल, हें त्याचें भय खोटें नाहीं. यास्तव काम त्याच्या घरीं, त्याच्या समक्ष व लेखी संमतीनें व्हावें. एक प्रत त्यास द्यावी, दुसरी संशोधन संस्थेंत व तिसरी दूरच्या गांवीं ठेवावी. जिवंत माणसांचीं नांवें असलेलीं अलीकडचीं पानें त्या त्या कुळावांचून इतरांस खुलीं करूं नयेत.

राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला, तेव्हां दप्तरें लोकांच्या घरांतच होतीं व घरमालकाचें मन वळविणें हेंच पहिलें संशोधन होतें. आजही तसेंच आहे. यंत्र आतां ज्याच्या त्याच्या हातांत आहे. विश्वास मात्र प्रत्येक घरीं नव्यानें मिळवावा लागतो. २०२७ सालच्या सिंहस्थांत याच वह्यांत नवे लेख पडतील. नव्या लेखांच्या आधीं जुन्यांची प्रत निघावी, इतकीच आमची विनंति आहे. आणि आमच्या वाचकांपैकीं जे कोणी नाशिकास जातील, त्यांनीं आपलें गांव व आडनांव सांगून आपल्या कुळाची वही एकदां पाहावी व आपला लेख स्वच्छ, पूर्ण, आईच्या व आजीच्या नांवासह लिहावा. संशोधनाचें हें काम यात्रेकरूच्याच हातचें आहे.