विमानात बॅग फुटली? मग बेल्टजवळून हलू नका, आधी कागद करून घ्या

भंडारा : मागच्या दिवाळीत भाचा सुट्टीवर आला. तो निमलष्करी दलात आहे, पोस्टिंग काश्मीरमध्ये. श्रीनगरहून दिल्ली, दिल्लीहून नागपूर असा विमानाने आला. मी गाडी घेऊन सोनेगावला विमानतळाबाहेर उभा होतो आणि पार्किंगचे पैसे वाढत होते म्हणून दोनदा फोन केला, "अरे लवकर ये ना बाहेर." तो बिचारा धावतपळत आला. मौद्याजवळ चहाला थांबलो तेव्हा डिक्की उघडली. बॅगेचं एक चाक गायब, एका बाजूची चेन उसवलेली आणि आत आईसाठी आणलेल्या अक्रोडाच्या पुड्या फुटून सगळ्या कपड्यांत पसरलेल्या.

"जाऊ द्या मामाजी, आता काय करता," तो म्हणाला. घरी आल्यावर मी कंपनीला मेल टाकायला लावला. उत्तर आलं, की विमानतळावर आपण कुठलीही नोंद केलेली नाही, त्यामुळे मदत करता येत नाही, क्षमस्व. घाई मीच केली होती. म्हणून नियम काय आहेत ते नंतर शोधून वाचले, आणि तेच इथे लिहितो आहे.

कारण आता विमान ही फक्त शहरातल्या लोकांची गोष्ट राहिली नाही. साकोली, लाखांदूर, तुमसरकडची पोरं पुण्याला, बंगलोरला नोकरीवर आहेत. सणाला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही की विमानानं येतात. जवान आहेत, आखातात कामाला गेलेले आहेत, हजला जाणारे आहेत, बोधगया आणि थायलंडच्या धम्मयात्रेला जाणारे ग्रुप आहेत. यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसतात. सामान फुटलं तर आपलंच नशीब समजून घरी येतात.

एसटीत आपण बॅग आपल्या पायाजवळ ठेवतो. हरवली तर कंडक्टर म्हणतो, सामान आपलं आपण सांभाळा. रेल्वेच्या डब्यातही बुक न केलेल्या सामानाचं जवळपास तसंच आहे. विमानात मात्र मोठी बॅग तुम्ही काउंटरवर त्यांच्या हातात देता, ते वजन करतात, तिला पट्टी लावतात आणि त्या पट्टीचा छोटा तुकडा तुमच्या बोर्डिंग पासवर चिकटवून देतात. त्या क्षणापासून बॅग परत तुमच्या हातात येईपर्यंत ती कंपनीच्या ताब्यात असते. त्या काळात ती फुटली, हरवली तर जबाबदारी कंपनीची. चूक कोणत्या कामगाराची, हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही. वर केबिनमध्ये सोबत नेलेल्या हातबॅगेचं वेगळं आहे. तिथे कंपनीच्या माणसांची चूक दाखवावी लागते. म्हणून तो छोटा तुकडा फेकू नका. बरेच जण विमानातून उतरल्या उतरल्या बोर्डिंग पास चुरगाळून टाकतात.

हा नियम कुठून आला? १९९९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात विमान प्रवासाबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात तो करार जोडला गेला. देशांतर्गत विमानांनाही तेच नियम थोड्या बदलासह लागू आहेत, फक्त भरपाईची रक्कम कमी आहे.

आता बेल्टजवळ काय करायचं ते नीट सांगतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. बॅग हातात आली की बाजूला घ्या, चारही बाजू बघा, चाकं फिरवा, हँडल ओढून बघा, चेन बघा. कुलूप तुटलेलं असेल किंवा बॅग ओली, तेलकट असेल तर तिथेच उघडा. काही तुटलं असेल तर मोबाईलवर फोटो काढा. एक फोटो लांबून, मागे बेल्ट दिसेल असा. एक जवळून. एक पट्टीचा, नंबर वाचता येईल असा. मग तिथेच हॉलमध्ये तुमच्या कंपनीचा सामानाचा काउंटर असतो, तिथे जा. काउंटर दिसला नाही तर बेल्टजवळच्या कंपनीच्या कोणत्याही माणसाला विचारा.

तिथे एक शब्द लक्षात ठेवा : पीआयआर. पूर्ण नाव प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे सामानात झालेल्या बिघाडाची नोंद. हा फॉर्म भरून घ्या आणि त्याची प्रत किंवा नंबर मागून घ्या. काउंटरवरचा माणूस कधी कधी म्हणतो, "सर, घरी जाऊन मेल करून द्या, होऊन जाईल." त्याची पाळी संपत आली असते, त्याला घरी जायचं असतं. आपण शांतपणे म्हणायचं, "मेल तर करतोच, पण पीआयआर नंबर द्या." चिडायची गरज नाही. आणि एकदा त्या दारातून बाहेर आलात की परत आत जाणं सोपं नसतं, हे ध्यानात असू द्या. बाहेर उभ्या असलेल्या मामाला फोन करून सांगा, थांबा अर्धा तास.

समजा राहूनच गेलं आणि माझ्या भाच्यासारखं घरी आल्यावर कळलं, तर? तरी दार पूर्ण बंद होत नाही. कायद्यात तुटफुटीची लेखी तक्रार करायला बॅग हातात आल्यापासून ७ दिवस दिलेले आहेत. बॅग उशिरा मिळाली असेल तर ती मिळाल्यापासून २१ दिवस. आणि यायला पाहिजे त्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. फक्त पीआयआर नसेल तर बॅग चांगल्या स्थितीतच मिळाली असं गृहीत धरतात आणि उलटं सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. बॅग घेतली आणि सात दिवसांत लेखी काहीच कळवलं नाही, तर मात्र प्रकरण जवळजवळ संपलंच. लेखी म्हणजे लेखी. कस्टमर केअरला तासभर बोललात तरी ते तक्रार म्हणून उभं राहात नाही. मेल करा, किंवा कंपनीच्या वेबसाईटवरचा फॉर्म भरून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आमच्या घरी तो पहिला मेल तिसऱ्या दिवशी गेला होता, म्हणजे मुदतीत होता. हे आम्हाला माहीत असतं तर 'क्षमस्व' वाचून गप्प बसलो नसतो.

वेळ चुकण्याचा हा प्रकार जगभर चालतो. कॅनडाचा गायक डेव्ह कॅरॉल २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने चालला होता. शिकागोच्या विमानतळावर सामान फेकाफेकीत त्याची टेलर कंपनीची गिटार फुटली. त्याने भरपाई मागितली तर कंपनी म्हणाली, तुम्ही चोवीस तासांत दावा केला नाही. अनेक महिने इकडून तिकडे टोलवल्यावर त्याने २००९ च्या जुलैमध्ये त्यावर एक गाणंच करून यूट्यूबवर टाकलं. लाखो लोकांनी ते बघितलं आणि मग कंपनी बोलायला तयार झाली. आपल्याकडे २०१८ च्या जानेवारीत सतारवादक शुभेंद्र राव यांची सतार एअर इंडियाने न्यूयॉर्कला जाताना तुटली, तेव्हाही फेसबुकवर फोटो टाकल्यावर बोभाटा झाला. पण प्रत्येकाला गाणं करता येत नाही. आपल्यासारख्याकडे पीआयआर आणि मेल, एवढंच हत्यार.

पैसे किती मिळतात? देशातल्या देशात प्रवास असेल तर एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात मर्यादा एसडीआर नावाच्या हिशेबी चलनात असते. करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे आपले दीड लाखाच्या वर. हे आकडे वाचून कोणी खूश होऊ नका. ही वरची मर्यादा आहे. मिळतं ते प्रत्यक्ष नुकसानाएवढंच. तीन हजारांची बॅग चार वर्षं वापरलेली असेल तर तीन हजारही पूर्ण मिळत नाहीत, जुनेपणाचे पैसे कापतात. म्हणून बॅगेची पावती असेल तर जपून ठेवा, ऑनलाईन घेतली असेल तर ऑर्डर मोबाईलमध्ये सापडते. बॅगवाल्याकडून दुरुस्तीचा अंदाजही कागदावर लिहून घ्या. भंडाऱ्यात बसस्टँडजवळ चेन, चाक बसवणारे आहेत, त्यांची चिठ्ठीही चालेल, नाही देत म्हणाले तर फोटो तरी काढा.

आखातात जाणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते दुबई हे एकाच तिकिटावर असेल तर पूर्ण प्रवास आंतरराष्ट्रीय धरला जातो आणि मोठी मर्यादा लागू होते. नागपूर-मुंबई वेगळं तिकीट काढलं असेल तर त्या टप्प्यावर फुटलेल्या बॅगेला २०,००० चाच नियम. एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील तर एक म्हणते दुसरीकडे जा, दुसरी म्हणते पहिलीकडे जा. आंतरराष्ट्रीय प्रवासात पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा ज्या टप्प्यात नुकसान झालं ती कंपनी, यांच्याकडे दावा करता येतो. बॅग बेल्टवर ज्यांनी दिली त्या शेवटच्या कंपनीकडे पीआयआर करणं सगळ्यात सोपं.

"चाक, हँडल, ओरखडे यांची जबाबदारी आमची नाही," असं बऱ्याच कंपन्यांच्या अटीत लिहिलेलं असतं. ओरखड्याचं समजू शकतो, बॅग म्हटली की घासणारच. पण करारात सूट आहे ती सामानातच मूळ दोष असेल तर. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये कंपन्यांना स्पष्ट बजावलं होतं की चाक, हँडल, पट्टा तुटला म्हणून सरसकट हात वर करता येणार नाहीत. आपल्याकडेही चाक मुळापासून उखडलं असेल तर तक्रार करा, नाही म्हणाले तर लेखी नाही म्हणू द्या.

बॅग देताना कधी कधी काउंटरवर एका पट्टीवर सही मागतात. बॅग आधीच फाटलेली आहे, जास्त भरलेली आहे किंवा आत नाजूक वस्तू आहे, म्हणून नुकसान झाल्यास जबाबदारी मर्यादित, असा तिचा अर्थ असतो. सही करण्याआधी काय लिहिलंय ते विचारा. बॅग धड असेल तर तसं सांगा आणि तिथेच तिचा एक फोटो काढा. खरं तर घरून निघतानाच फोटो काढलेला बरा.

आपल्या भागातून काय काय जातं ते मी बघतो. आंब्याचं लोणचं, जवसाची चटणी, चिन्नोर तांदूळ, आणि लग्नाचा आहेर असेल तर भंडाऱ्याची पितळी भांडी. तांदळाला काही होत नाही. लोणच्याची बरणी मात्र फुटणारच असं समजून बांधा. तेल कपड्यांत पसरलं तर कंपनी म्हणते पॅकिंग तुमचं होतं, आणि तिथे त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. पितळी गुंडाला पोचे पडतात, कपड्यात गुंडाळून मधोमध ठेवा. रोख पैसे, दागिने, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, औषधं मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका. त्यांचा दावा करणं फार अवघड जातं. पॉवर बँक तर मोठ्या बॅगेत ठेवायला मनाईच आहे. खरंच महागाची वस्तू असेल तर बॅग देतानाच तिची किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय करारात आहे, मग त्या किमतीपर्यंत दावा लागतो.

तक्रार केल्यावर कंपनी काय देते? कुठे दुरुस्ती, कुठे दुसरी बॅग, कुठे थोडी रक्कम, आणि पुष्कळदा व्हाउचर. व्हाउचर म्हणजे त्यांच्याच विमानाच्या पुढच्या तिकिटात सूट, तीही ठरावीक महिन्यांत. वर्षातून एकदा उडणाऱ्याला त्याचा काय उपयोग? नको असेल तर नको म्हणा. आणि 'पूर्ण व अंतिम समझोता' लिहिलेल्या कागदावर सही केली की पुढचा रस्ता बंद, हे समजून सही करा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कंपनीच्या वेबसाईटवर नोडल अधिकारी आणि त्याच्या वरचा अपील अधिकारी यांचे पत्ते असतात, त्यांना तोच मेल पाठवा. मग केंद्र सरकारचं एअरसेवा ॲप आहे, २०१६ पासून चालू आहे, तिथे तक्रार टाकली की कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद होते. एवढ्यानेही झालं नाही तर ग्राहक आयोग. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जायचं काम नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात. तिकिटासारखी पाच लाखांच्या आतली रक्कम असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईनही करता येते. मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे खोटं कशाला सांगू.

मेल कसा लिहायचा असं दोघातिघांनी विचारलं. आम्ही दुसऱ्यांदा पाठवला तो असा होता, यात आपली माहिती टाका :

"मी अमुक तारखेला तमुक क्रमांकाच्या विमानाने श्रीनगर ते नागपूर प्रवास केला. पीएनआर क्रमांक अमुक, बॅगेच्या पट्टीचा क्रमांक तमुक. नागपूरला मिळाली तेव्हा बॅगेचं चाक तुटलेलं व चेन फाटलेली होती. फोटो व पट्टीचा फोटो जोडला आहे. बॅगेची किंमत इतकी, दुरुस्तीचा अंदाज इतका. ही तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत केलेली आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे व भरपाई बँक खात्यात जमा करावी, व्हाउचर नको."

हा मेल सहाव्या दिवशी गेला. दोन आठवड्यांनी चाक आणि चेनच्या दुरुस्तीचे पैसे भाच्याच्या खात्यात आले. अक्रोडाचे नाही आले.