आंतरभाषिक आज्ञावलींतील त्रुटी-हाताळणी : एक विवेचन

प्रस्तावना :
कोणतीही मोठी संगणकीय आज्ञावली आज एकाच भाषेत लिहिलेली क्वचितच आढळते. विद्यार्थी पायथनमध्ये चार ओळी लिहितो. परंतु त्यामागील प्रत्यक्ष गणित बहुधा सी किंवा फॉरट्रान भाषेत होत असते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'लॅपॅक' हा रेषीय बीजगणिताचा फॉरट्रान संच पायथनमधील नमपाय व सायपाय या लायब्ररींच्या मुळाशी आजही आहे. एका भाषेने दुसरीतील फंक्शन वापरले असता आकडे सहसा बिनचूक पोहोचतात. चूक झाल्याची वार्ता मात्र वाटेतच हरवते. ती का हरवते व कशी टिकवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रुटी कळविण्याच्या भिन्न रीती :
सी भाषेत 'अपवाद' म्हणजे एक्सेप्शन ही संकल्पनाच नाही. तेथील फंक्शन उणे एक किंवा शून्य पत्ता परत देते आणि कारणाचा क्रमांक 'एररनो' या चलात ठेवते. तो क्रमांक तत्काळ वाचला नाही, तर पुढील एखादे फंक्शन त्यावर दुसरा क्रमांक लिहू शकते. पायथन व जावा यांत याउलट अपवाद फेकला जातो आणि तो पकडला न गेल्यास काम तेथेच थांबते. म्हणजे एका भाषेत चूक विचारून घ्यावी लागते, तर दुसरीत ती आपणहून समोर येते. जावातून सी वापरण्याची जेएनआय ही सोय १९९७ पासून उपलब्ध आहे. तिच्यात सी कडून जावाचे फंक्शन वापरले असता अपवाद उद्भवला, तरी सी चा भाग न थांबता पुढे चालतच राहतो. अपवाद प्रलंबित आहे काय, याची तपासणी सी लिहिणाऱ्यानेच करावयाची असते. ही एक ओळ गाळली जाणे हा जेएनआयमधील अतिशय नेहमीचा दोष होय.

एक उदाहरण :
नामपूरच्या बाजारातील कांद्याची आवक व भाव यांचा संबंध शोधण्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याने तक्ता केला, असे समजू. अनवधानाने त्याने आवक दोन स्तंभांत भरली. एकात क्विंटलमध्ये व दुसऱ्यात किलोग्रॅममध्ये. दुसरा स्तंभ पहिल्याच्या शंभरपट असल्याने समीकरणांना एकमेव उत्तर उरत नाही.

लॅपॅकची रीत अशी, की प्रत्येक मुख्य फंक्शन 'इन्फो' नावाचा पूर्णांक परत देते. तो शून्य असल्यास काम पूर्ण झाले. ऋण असल्यास त्या क्रमांकाचे प्राचल अवैध. धन असल्यास गणितच अडले. धन इन्फो आल्यावर नमपायचा सी मधील थर उत्तराच्या जागी 'संख्या नाही' ही खूण भरतो व प्रोसेसरचा एक निशाण-बिट उभारतो. तो पाहून पायथनचा थर अपवाद फेकतो. या तीन थरांपैकी एकानेही निरोप पुढे दिला नसता, तर विद्यार्थ्याच्या हाती निरर्थक आकडे आले असते.

अवैध प्राचलाची कथा अधिक बोलकी आहे. अशा वेळी लॅपॅक 'एक्सर्बला' या उपकार्यास बोलावते. मूळ एक्सर्बला संदेश छापून संपूर्ण आज्ञावलीच थांबविते. फॉरट्रानच्या स्वतंत्र आज्ञावलीस हे साजेसे होते. पायथनच्या चालू सत्रात मात्र त्यामुळे वापरकर्त्याचे न जतन केलेले सर्व काम नष्ट झाले असते. म्हणून नमपायने आपले स्वतःचे एक्सर्बला दिले असून ते पायथनचा अपवाद उभा करते.

तथापि येथेही एक फट राहते. पूर्णांकनामुळे शून्य यावयाच्या जागी अतिसूक्ष्म संख्या आली, तर इन्फो शून्यच राहतो. अपवाद येत नाही आणि उत्तर मात्र अविश्वसनीय असते. सायपायचे समीकरण सोडविणारे फंक्शन यासाठी आव्यूहाची स्थिती वेगळी तपासून इशारा देते. कोसळलेली आज्ञावली निदान लक्षात तरी येते. शांतपणे चुकणारी अधिक घातक.

सीमेवरील शिस्त :
अपवादास दोन भाषांमधील सीमा ओलांडू देऊ नये, हा पहिला दंडक होय. सी++ मधील अपवाद सी च्या फंक्शनांतून वर गेल्यास काय घडेल, याची सी चे प्रमाणक हमी देत नाही. रस्ट भाषेने १.८१ या आवृत्तीपासून (२०२४) साध्या सी-सीमेवर पोहोचलेला 'पॅनिक' सरळ आज्ञावली बंद करून रोखला आहे. ज्यांना तो पलीकडे नेणे आवश्यक आहे, त्यांच्यासाठी १.७१ पासून (२०२३) स्वतंत्र घोषणा आहे. हा कठोरपणा योग्यच म्हणावा लागेल.

म्हणून सीमेवर एक पातळ थर असावा. त्याने अपवाद पकडून त्याचा क्रमांक करावा, अथवा क्रमांक वाचून अपवाद उभारावा. भाषांतर करताना मूळ क्रमांक, संदेश व उगमस्थान ही तिन्ही टिकली पाहिजेत. 'काहीतरी चुकले' एवढाच निरोप वर गेला, तर चूक कळते पण दुरुस्त करता येत नाही. पायथनच्या सी-टाइप्समध्ये एररनोची खासगी प्रत जपण्याची सोय २.६ या आवृत्तीपासून (२००८) आहे. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. स्मृतीचाही हिशेब येथेच येतो. सी ने घेतलेली जागा पायथनचा कचरा-संकलक सोडवीत नाही. म्हणून अपवादाच्या वाटेवरही ती मोकळी करण्याची तजवीज हवी. जेएनआयमध्ये अपवाद प्रलंबित असताना मोजकीच फंक्शने वापरता येतात आणि जागा परत करणारी फंक्शने त्यांत मुद्दाम ठेवली आहेत.

महाविद्यालयांत सी व जावा बहुधा वेगवेगळ्या सत्रांत शिकविल्या जातात. त्यांच्यातील सीमा कोणत्याच सत्रात येत नाही. प्रात्यक्षिकासाठी वरील कांद्याचा तक्ता पुरेसा आहे. दोन स्तंभ चुकीचे भरावेत आणि चूक कोणत्या थरात उद्भवली व कोणत्या थराने ती सांगितली, हे विद्यार्थ्यास शोधावयास सांगावे.