टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील भारदाबाचे दोष

टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील भारदाबाचे दोष : निष्कास वायूंच्या (ज्वलनानंतर सिलिंडरातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूंच्या) ऊर्जेवर टरबाइन फिरवून, त्याच दंडावरील संपीडकाने एंजिनात वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाची हवा भरणाऱ्या साधनाला टर्बोचार्जर म्हणतात. वातावरणीय दाबाहून जो जास्तीचा दाब मिळतो, त्याला येथे भारदाब म्हटले आहे. हा दाब कमी मिळणे किंवा उशिरा मिळणे, हा जुन्या टर्बोचार्जरयुक्त क्रीडा मोटारगाड्यांत नेहमी आढळणारा दोष होय. त्याचे खापर बहुधा टर्बोचार्जरवर फोडले जाते व तो महागडा भाग बदलला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत किंवा सैल झालेल्या जोडात असतो. त्यामुळे निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांची असून तिचे एकस्व त्यांनी १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारगाडीत ती प्रथम १९६२ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेअर व ओल्ड्समोबील जेटफायर या अमेरिकन गाड्यांत आली. यूरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) व पोर्शे ९११ टर्बो (१९७४) यांनी ती क्रीडा मोटारगाड्यांत रूढ केली. या सुरुवातीच्या गाड्यांत भारदाबाचे नियमन केवळ यांत्रिक असे. नंतरच्या पिढीत विद्युत् नियंत्रण आले आणि निदान अधिक गुंतागुंतीचे झाले. १९८५ ते १९९१ या काळात तयार झालेली पोर्शे ९४४ टर्बो ही या पिढीचे चांगले उदाहरण असल्याने पुढील विवेचन मुख्यतः तिच्या आधारे केले आहे. तिचे चार सिलिंडरांचे एंजिन २,४७९ घ. सेंमी. क्षमतेचे असून आरंभी ते २२० अश्वशक्ती व १९८८ च्या टर्बो एस प्रकारात २५० अश्वशक्ती देई.

नैसर्गिक विलंब : प्रवेगक दाबताच भारदाब मिळत नाही. निष्कास वायूंचा प्रवाह वाढून टरबाइनाने वेग घ्यावा लागतो व हा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर जातो. ९४४ टर्बोमध्ये टर्बोचार्जर एंजिनाच्या निष्कास बाजूस नसून अंतर्ग्रहण बाजूस बसविलेला आहे, त्यामुळे निष्कास वायूंना एंजिनाखालून जाणाऱ्या लांब नळातून टरबाइनापर्यंत यावे लागते. वाटेत उष्णता कमी होऊ नये म्हणून निष्कास मार्गांना मृत्तिका पदार्थाचे अस्तर दिले आहे. तरीही मंद वेगात हे एंजिन सुस्तच वाटते. टर्बो एसमधील टरबाइनाचा कोश मोठा असल्याने उच्च वेगात शक्ती वाढते, पण दाब आणखी उशिरा येतो. पूर्वीच्या मालकाने असा कोश लहान एंजिनावर बसविला असेल, तर विलंब हा दोष नसून त्या निवडीचा परिणाम होय.

दाबमापक : या गाडीच्या फलकावरील मापक निरपेक्ष दाब दाखवितो. एंजिन बंद असताना समुद्रसपाटीला त्याचा काटा १ बारवर असावा. पूर्ण भारदाबाला तो सुमारे १·७५ बारवर जातो, म्हणजे प्रत्यक्ष भारदाब सुमारे ०·७५ बार असतो. एंजिन बंद असतानाच काटा चुकीचा असेल, तर पुढील वाचनांना अर्थ नाही. मापकाकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असली, तरी दाब कमी दिसतो. म्हणून प्रथम एक विश्वासार्ह मापक स्वतंत्र नळीने अंतर्ग्रहण नळकांड्याला जोडून दोन्ही वाचने ताडून पाहतात.

लक्षणांचा अर्थ : दाब केव्हा व किती मिळतो, यावरून शोधाची दिशा ठरते. दाब उशिरा आला पण शेवटी पूर्ण भरला, तर टरबाइनाला मिळणारी ऊर्जा कमी पडत आहे किंवा हवेची गळती लहान आहे, असे समजावे. दाब वेळेवर येऊन खालच्याच पातळीवर स्थिरावत असेल, तर संशय नियंत्रण व्यवस्थेवर येतो. दाब पूर्ण भरून उच्च वेगात घसरत असेल, तर निष्कास बगलझडप किंवा तुंबलेला निष्कास मार्ग तपासावा. दाब पूर्ण असूनही ओढ कमी असेल, तर दोष भारदाबात नाहीच. प्रज्वलन, इंधनपुरवठा, तापलेली हवा किंवा झिजलेले एंजिन यांकडे वळावे.

हवेची गळती : संपीडकापासून आंतरशीतकातून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या साधनातून) सिलिंडरांपर्यंत जाणाऱ्या मार्गात अनेक रबरी जोड असतात व तीन-चार दशकांच्या उष्णतेने ते कडक होतात. अंतर्ग्रहण नळकांड्याखालील बारीक नळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. या गाडीत हवेचे मापन टर्बोचार्जरच्या आधी होते. त्यामुळे भारदाब असताना गळती झाल्यास मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते व काळा धूर दिसतो. उलट निर्भारी वेगात नळकांड्यात निर्वात असतो; तेव्हा नियंत्रक झडपेपलीकडच्या त्याच छिद्रातून न मोजलेली हवा आत येते व एंजिन अडखळते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर गळती जवळजवळ निश्चित समजावी. ती शोधण्यासाठी एंजिन बंद ठेवून, संपीडकाचे तोंड बुचाने बंद करून सुमारे ०·५ बार दाबाची हवा भरतात व प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावतात. थोडी हवा उघड्या झडपांतून सिलिंडरात व तेथून तेलकोठीत जाते, तिला गळती समजू नये.

एक दोष मात्र असा सापडत नाही. प्रवेगक सोडल्यावर दाबलेली हवा संपीडकाच्या प्रवेशाकडे परत नेणारी जी झडप असते, तिचे पटल फाटले, तर हवा आतल्या आत फिरत राहते. बाहेर आवाज येत नाही, फेस दिसत नाही आणि मिश्रणही फारसे बिघडत नाही. हातपंपाने झडपेच्या पटलावर निर्वात निर्माण करून तो टिकतो की नाही, हे पाहणे हाच मार्ग होय.

बगलझडप व नियंत्रण : भारदाब ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचला की काही निष्कास वायू टरबाइनाला वळसा घालून सोडणारी झडप म्हणजे बगलझडप होय. तिची स्प्रिंग शिथिल झाली किंवा काजळीमुळे ती बैठकीवर नीट बसेनाशी झाली, तर वायू आधीच निसटतात व दाब उशिरा आणि कमी मिळतो. तिचे पटल फाटल्यास परिणाम उलट होतो. झडप उघडत नाही व दाब बेसुमार वाढतो. पटलाकडे जाणाऱ्या दाबापैकी काही भाग विद्युत् नियंत्रित झडप वळवून घेते व त्यामुळे बगलझडप अधिक काळ बंद राहते. या विद्युत् झडपेचा पुरवठा तुटला, तर सर्व दाब पटलावर पडून भारदाब स्प्रिंगने ठरविलेल्या खालच्या पातळीवरच थांबतो. दाबनळीच्या जोडबोल्टमध्ये मुद्दाम ठेवलेले अरुंद छिद्र असते. दुरुस्तीत त्याजागी साधा बोल्ट बसविल्यास असाच परिणाम होतो. ठोका (इंधनाचे अनियंत्रित ज्वलन) जाणवल्यास नियंत्रक स्वतःच भारदाब उतरवितो. हलक्या दर्जाचे पेट्रोल किंवा नादुरुस्त संवेदक हेही म्हणून कारण असू शकते.

निष्कास बाजू व टर्बोचार्जर : टरबाइनाच्या आधीच्या नळांना भेगा पडल्यास ऊर्जा वाया जाते. थंड एंजिन सुरू करताच ऐकू येणारी फडफड व जोडावरील काजळी ही त्याची खूण. टरबाइनापुढे उत्प्रेरक परिवर्तक तुंबल्यास टरबाइनाच्या दोन बाजूंतील दाबांचा फरक घटतो. एंजिन उघडून झाले असल्यास कॅम दंडाचा पट्टा एका दात्याने चुकलेला नाही ना, हेही पाहावे. हे सर्व निर्दोष आढळल्यावरच टर्बोचार्जरकडे वळावे. पात्यांच्या कडा तुटलेल्या असणे, चाक कोशाला घासणे किंवा दंड हाताने जड फिरणे, ही त्याच्या बिघाडाची लक्षणे. वंगणाच्या पटलामुळे दंडात थोडी आडवी हालचाल असतेच. दंडाच्या दिशेने जाणवण्याइतकी हालचाल मात्र सदोष समजावी. तापलेले एंजिन एकदम बंद केल्याने धारव्यांत तेल करपते. ९४४ टर्बोत हे टाळण्यासाठी एंजिन बंद झाल्यावरही विद्युत् पंपाने टर्बोचार्जरभोवती पाणी खेळते ठेवले जाते; तो पंप चालतो की नाही, हे पुष्कळ मालक कधी पाहत नाहीत.

गळती तशीच ठेवून नियंत्रणात फेरफार करून दाब वाढविण्याचा उपाय काही कारागीर सुचवितात. तो घातक आहे. मापकावर दाब पूर्ण दिसतो, परंतु गळणारी हवाही भरून काढण्यासाठी संपीडक मर्यादेपलीकडे वेगाने फिरतो, हवा अधिक तापते व ठोक्याची शक्यता वाढते. पुढे गळतीचा जोड बदलला गेल्यास तोच फेरफार अतिदाब निर्माण करतो व दट्ट्याचा माथा वितळू शकतो.